आमचे पेंढ्याचे ट्रे

नाशिकला सातपूरच्या आमच्या शेडमध्ये दोनच गोष्टी साचायच्या. एक पेंढा आणि दुसरे किस्से. पेंढ्याचे निदान ट्रे तरी व्हायचे, किस्से तसेच पडून राहिले. परवा सलीमभाई भेटले आणि एकातून दुसरा निघत गेला!

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. भामरे सर कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झाले आणि त्यांच्या डोक्यात एकच विषय शिरला. भाताचा पेंढा आणि द्राक्षछाटणीच्या काड्या शिजवून लगदा करायचा, तो साच्यात दाबायचा आणि द्राक्षं भरायला ट्रे बनवायचे. थर्मोकोलला सुट्टी! मी त्यांची जुनी विद्यार्थिनी. प्रेस चालवायला सलीमभाई, लगदा शिजवायला इगतपुरीकडच्या हिराबाई. एवढाच स्टाफ. येत्या सीझनला एखादा द्राक्ष एक्सपोर्टर गिऱ्हाईक म्हणून मिळाला नाही, तर शेडला कुलूप लागणार, हे आम्हा चौघांनाही पक्कं माहीत होतं.

*

पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर लिहिलं. इतका सोडा, इतकं पाणी, इतके तास. वेळ संपल्यावर म्हणाले, "भट्टी बंद!"

हिराबाईंनी चिमूटभर लगदा धुऊन बोटांत चिरडला. "आजून कच्चा हाय."

"कशावरून?"

"सर, भात शिजला का नाय ते तुमच्या घरी फळ्यावर बघता का?"

सरांनी फळा पुसला आणि नवीन हेडिंग टाकलं, 'हिराबाई टेस्ट'.

*

पावसाळ्यात ट्रे वाळेनात. एका सकाळी शेड उघडली तर ट्रेंवर अळंबीच्या पांढऱ्याशुभ्र छत्र्या उगवलेल्या! मला रडू यायचं बाकी होतं.

सलीमभाई शांतपणे म्हणाले, "सर, ट्रे के साथ भाजी फ्री!"

सर मात्र भिंग घेऊन दुपारपर्यंत तिथेच उकिडवे बसले. या माणसाला नुकसान दिसायचंच नाही, प्रश्न दिसायचे. मला त्यांचा रागही यायचा आणि कौतुकही वाटायचं.

*

ट्रे थंडीत टिकतो का, हे बघायला कोल्ड स्टोरेज कुठून आणणार? सरांनी घरचा फ्रिज रिकामा केला. दुसऱ्या दिवशी सरांच्या घरून काकूंचा मला फोन.

"अगं, ट्रे फ्रिजमध्ये आहेत आणि दूध ओट्यावर. तुझ्या सरांना विचार, चहा कुठल्या टेंपरेचरला हवाय?"

*

पंचवटीच्या भाजीबाजारातल्या एका मावशींना ट्रायलसाठी दहा ट्रे दिले. दोन दिवसांनी विचारायला गेलो.

"ट्रे झकास होते बाबा," मावशी म्हणाल्या. "पण गायीनं खाल्ले. टमाटे तेवढे ठेवले!"

मी कपाळाला हात लावला. सरांचे डोळे चमकले. "किती खाल्ले? कुठली गाय?"

मग दोन दिवस मी वही घेऊन त्या गायीच्या मागे! गाय ठणठणीत होती. बी.एस्सी. केल्याचा पश्चात्ताप मला तेवढा एकदाच झाला.

*

शेवटी निफाडकडचे एक एक्सपोर्टर फोनवर म्हणाले, "ट्रे मजबूत आहे हो. पण परदेशातली पार्टी विचारते, मातीत खरंच जिरतो का? तीन महिन्यांनी येतो, दाखवा."

सरांनी त्याच दुपारी शेडमागे पाच ट्रे पुरले आणि वर खुंटी ठोकली.

तीन महिन्यांनी ते एक्सपोर्टर साहेब आले. सलीमभाईंनी खुंटीपाशी खणायला घेतलं. हातभर खणलं, माती. अजून हातभर, मातीच! तुकडासुद्धा नाही.

"बघा! काही नाही!" सर आनंदाने ओरडले.

साहेबांनी वाकून खड्ड्यात पाहिलं. "पण सर, इथे ट्रे पुरले होते कशावरून?"

जन्मभर प्रयोग शिकवलेला माणूस, आणि पुरावाच मातीत गेलेला! साहेब गाडीकडे वळले. आता कुलूप घ्यायचं, एवढंच डोक्यात होतं.

हिराबाई पदर खोचून पुढे आल्या.

"ओ साहेब, थांबा. ट्रे सापडला आसता तर तुमी म्हनले आसते, कुजत नाय, नको. आता सापडत नाय, तर म्हनता पुरलाच नाय. मंग आमी पुरायचं तरी काय?"

साहेबांनी एकदा खड्ड्याकडे पाहिलं, एकदा हिराबाईंकडे.

"सर," ते म्हणाले, "सोमवारी पहिला ट्रक भरा. पण ट्रेच्या दराचं बोलायला तुम्ही या. ह्या बाईंना आणू नका!"