फक्त पाणी भरण्यापुरती चावी

आता हसणार असाल तर आधीच सांगा, मी चहा संपवून निघतो! गाढवपणा माझाच, पण संताप अजून उतरलेला नाही.

तेव्हा मी तुळिंजला एका कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये सी प्लस प्लस शिकवायचो. घरी एकटाच. नळाला पाणी यायचं भरदुपारी, मी शिकवत असताना! म्हणून समोरच्या लोपीसकाकूंना चावी दिली. कशाला? फक्त पिंप भरायला!

एकदा डबा विसरला म्हणून मधल्या सुट्टीत घरी गेलो. बघतो तर काय? काकू, काका, नंदाखालहून आलेले पाहुणे, सगळे माझ्या टीव्हीसमोर! हातात माझ्याच फ्रिजमधलं सरबत! वर काकांचे मेहुणे मला म्हणतात, "जरा बाजूला सरा, मॅच दिसत नाही." सांगा, डोकं फिरणार नाही?

चावी आजच काढून घ्यायची, असं ठरवून तणतणत इन्स्टिट्यूटमध्ये परत आलो.

"आज फ्रेंड फंक्शन!" मी फळ्यावर खडू आपटला. "घर हा एक क्लास, शेजारी हा दुसरा. घरातल्या वस्तू प्रायव्हेट! शेजाऱ्याच्या एकाच फंक्शनला, म्हणजे कामाला, घर आत घेतं, पाणी भरण्याच्या. त्याच्या दुसऱ्या कुठल्या फंक्शनने आत हात घातला, तर कॉम्प्युटर हाकलून देतो. माणसांपेक्षा मशीन बरं!"

प्रोग्राम लिहिला. मुद्दाम त्यातल्या शेजाऱ्याला टीव्ही लावायला सांगितलं. आता एरर येणार! पडद्यावर काय आलं? 'टीव्ही चालू'!

"व्हायरस आहे!" मी ओरडलो. प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर टाकला. तिथेही टीव्ही चालू!

लोपीसकाकूंची सुनीता माझ्याच बॅचला होती. ती उठली. "सर, तुम्ही एका फंक्शनला नाही, अख्ख्या शेजारी क्लासलाच फ्रेंड केलंय."

बघितलं. केलं होतं. रागात लिहिलं की असंच होणार, दुसरं काय!

"आणि सर, घरी पण तसंच ना? चावी देताना तुम्हीच मम्मीला म्हणालात, घर आपलंच समजा."

अहो, असं म्हणायची पद्धत असते! कोणी खरं धरतं का?

संध्याकाळी ताडताड जिने चढलो. माझं दार आतून बंद! स्वतःच्याच घराची बेल वाजवली. काकांनी दार उघडलं, तोंडभर हसले. "या, या मास्तर! संकोच करू नका, आत या."

आणि मी काय करावं? चपला बाहेर काढल्या, अंग चोरून आत शिरलो आणि म्हणालो, "नाही, नाही, पाचच मिनिटं बसतो."