ही जखम आहे, शाप नव्हे

“हा फिस्च्युला आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या गोऱ्या होत्या, मराठी पुस्तकी बोलायच्या. “बाळाचे डोके फार वेळ अडकून राहिले. त्या दाबाने लघवीच्या पिशवीला भोक पडले, म्हणून लघवी सारखी गळते. ही जखम आहे, शाप नव्हे. जखम शिवता येते.”

मी विचारलं, “तवाच आणलं असतं तर?”

त्या म्हणाल्या, “तर भोक पडले नसते. बाळही बहुतेक वाचले असते.”

माझ्या अंगाचा भडका उडाला.

वडगावात आमच्या घरी माग होता. नवरा विणायचा, मी धोट्यासाठी सूत गुंडाळून कांड्या भरायची. पहिल्याच खेपेला माझं बाळ अडलं. सुईण म्हणाली, “हे माझ्या हातचं न्हाय. मिशनच्या दवाखान्यात न्ह्या.” गाडीनं फार लांब नव्हतं. पण सासूबाई म्हणाल्या, “तिथं पोरी बाटवत्यात. आमच्या घरात कोण दवाखान्यात बाळंत झालं न्हाय.” मी नवऱ्याला हाका मारल्या. तो दारातूनच म्हणाला, “आई म्हणत्या तसं कर,” आणि मागावर जाऊन बसला. मी कळांनी ओरडत होते आणि बाहेर त्याच्या मागाचा धोटा खटखटत होता.

मुलगा झाला, मेलेला. मला तोंडही दाखवलं नाही.

मग अंथरूण भिजायला लागलं ते थांबेचना. मांड्या सोलवटल्या, अंगाला वास मारू लागला. मला गोठ्याशेजारच्या खोपीत टाकलं. ताट लांबून सरकवायचे. सासूबाई आळीभर सांगायच्या, मागल्या जन्माचं पाप फेडत्या. नवऱ्यानं दुसरी बायको केली, आणि त्याच्या मागासाठी खोपीत बसून मी कांड्या भरतच राहिले. आजही ते आठवलं की दात आवळतात.

माझी थोरली बहीण निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तिथली एक बाई याच दुखण्यातून मिशनच्या दवाखान्यात बरी झालेली. ते कळताच आक्का आली आणि कुणाला न विचारता मला गाडीत घातलं. “हितं कुजत बसू नगंस गं. चल.”

दवाखान्यात मार्थाआक्का नावाची म्हातारी येशूच्या गोष्टी सांगत खाटांवरून फिरायची. एकदा ती म्हणाली, देव प्रेमळ आहे. मी किंचाळले, “माझं लेकरू अडलं तवा कुठं गेलता तुझा देव?”

वाटलं, आता उपदेश ऐकावा लागणार. ती माझ्या ओल्या चादरीवरच बसली. “मला ठावं न्हाय, बाई. माझी दोन पोरं प्लेगात गेली. मी त्याला लई शिव्या दिल्या. त्यानं ऐकून घेतल्या. म्हणून अजून त्याच्यासंगं बोलत्ये.” मग विचारलं, “बाळाचं नाव काय ठेवणार हुतीस?”

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. “केशव,” मी म्हणाले, आणि ढसाढसा रडले. तिनं केशवसाठी प्रार्थना केली.

नंतर तिनं एका बाईची गोष्ट सांगितली. वर्षानुवर्षं रक्त जात असलेली, कुणी शिवत नसलेली ती बाई गर्दीतून मागून आली आणि येशूच्या वस्त्राला तिनं हात लावला. मला वाटलं, आता हा तिला झिडकारणार. त्यानं तिला ‘मुली’ म्हणून हाक मारली. त्या एका शब्दासाठी मी ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावली.

क्लोरोफॉर्म, म्हणजे भूल देणारं औषध, हुंगवून टाके घातले. ते उसवले. मी देवाला पुन्हा शिव्या दिल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पुन्हा शिवू.” दुसऱ्या वेळी लघवीसाठी रबराची नळी लावून मला पुष्कळ दिवस उताणं ठेवलं. नळी काढल्यावर सकाळी मी अंथरुणावर हात फिरवला. कोरडं! शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही हात लावून बघायला लावलं.

बरी झाल्याचं ऐकून नवरा आला. “चल घरला. कांड्या भराय माणूस न्हाय.”

“मी मेलेय असं समजा,” मी म्हणाले. “तुमी तेच समजून चाललेलासा.”

पुढं मी बाप्तिस्मा घेतला. वडगावात म्हणतात, मिशननं बाटवली. म्हणू देत. मी खोपीत सडत होते तेव्हा माझा धर्म राखायला यातलं कुणी आलं नव्हतं.

आता मी त्याच दवाखान्यात बाळंतिणींची कामं करते. बायांनो, सुईणीनं हात टेकले की घरच्यांच्या होकारासाठी थांबू नका. गळती लागली असेल तर लाजू नका, या. डॉक्टरीणबाईंचे आणि माझ्या थोरल्या आक्काचे उपकार मी विसरणार नाही. सासरच्यांना क्षमा कर असं पाद्रीसाहेब सांगतात. अजून जमलेलं नाही. रोज प्रार्थनेत मी येशूला तेवढंच सांगते, आणि कामाला लागते.