बारामती ते इंदापूर, इंजिन चालू

बारामतीहून निघताना बाबांनी एकच ताकीद दिली : काहीही झालं तरी गाडी बंद करायची नाही. नव्वदच्या दशकातली ऐन थंडी. थंड इंजिनला आधी ऊब देणारे चार हीटर प्लग आमच्या जुन्या डिझेल गाडीत एका माळेत जोडलेले होते. त्यातला एक गेला, की चारही थंड. कुठला गेलाय ते शोधायचा कंटाळा आम्ही घरात सर्वांनी वाटून घेतला होता. आदल्या दिवशी तिला ढकलताना बाबांची कंबर धरली, आई शेक द्यायला थांबली, आणि धाकट्या मोहनसाठी मुलगी बघायला वडीलधारी म्हणून मी, त्याची ताई, निघाले. आजवर प्रत्येक मुलगी बघून मोहन नुसतं "बघू" म्हणाला होता. यंदा तरी हे घोडं गंगेत न्हावं म्हणून आईनं देव पाण्यात ठेवले होते.

गल्लीनं धक्का दिला आणि आम्ही सुटलो. दोन्ही बाजूंना ऊस आणि मागं आमचा काळा धूर. अंथुर्ण्यात चहा घेतला, तोही गाडीत बसूनच. चहावाल्यानं खिडकीतून ग्लास दिले.

"पाव्हणं, कुणी मागं लागलंय का?"

"मुलगी बघायला चाललोय," मी म्हटलं.

"मग पळताय कशाला?" म्हणत तो हसत गेला.

इंदापूरजवळ डाळिंबाच्या बागेत मुलीचं घर होतं. गाडी अंगणात धडधडत ठेवून आम्ही पोहे घेतले. सुनंदा येऊन बसली. मी शिक्षण विचारलं. तिचे ओठ हलले, ऐकू शून्य. "छान!" मी म्हटलं. आवड विचारली, पुन्हा "छान!" तिच्या आजोबांचा, म्हणजे आबांचा चेहरा मात्र उतरत चालला होता. शेवटी ते ओरडूनच बोलले.

"ताई, गाडी चालू ठिवून पोरगी बघत्यात व्हय? पसंत न्हाय तर तसं सांगा. आमी काय धरून ठिवनार न्हाय!"

निघायची घाई म्हणजे नकारच, असंच कुणीही समजलं असतं. खरं सांगावं तर मुलाकडच्यांची अब्रू जाते. मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात मोहननं सुनंदाकडे पाहिलं, उठला, बाहेर गेला आणि चावी फिरवली.

कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या. त्या शांततेत सुनंदाचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

"अवो, आता चालू कशी करनार?"

"माहीत नाही," मोहन म्हणाला, आणि त्यानं हीटरचं सगळं रडगाणं सांगून टाकलं.

आबांनी मांडीवर थाप मारली. "आरं तिच्या! मग जेवूनच जावा!"

भाकरी, वांग्याचं कालवण आणि गरम माडगं (हुलग्याची पातळ पेज) होईपर्यंत ऊन कललं, गाडी गारठली. मोहननं बॉनेट उघडलं. हीटर चालले की डॅशबोर्डवरची एक तार लाल होते. चावी धरून त्या तारेकडे कुणीतरी बघायला हवं होतं. सुनंदा पदर खोचून ड्रायव्हरच्या जागी बसली. तिची आई "अगं, अगं" करत राहिली. मोहन पान्ह्यानं एकेक प्लग वगळून पाहू लागला. पहिल्याला काही नाही, दुसऱ्याला काही नाही.

"लाल झाली!" तिसऱ्याला सुनंदा किंचाळली.

मेलेल्या प्लगला वळसा घालून तार बांधली. गाडी सुनंदानंच चालू केली. धुराचा लोट मागं उभ्या आबांच्या पांढऱ्या पटक्यावर गेला. "ऱ्हाऊ द्या, शकुन हाय," ते खोकत म्हणाले.

परतीच्या वाटेवर मी मोहनला चिडवलं नाही. इतक्या घरांतून आम्ही पोहे संपवून उठलो होतो. थांबावंसं त्याला आज पहिल्यांदा वाटलं, हे कळून मला उगाच भरून आलं.

बाबा भिंतीला धरून दारात उभे होते. "काय झालं?"

"मी तिथं गाडी बंद केली," मोहन म्हणाला.

बाबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "आपण होऊन?"

"आपण होऊन."

बाबा कंबर सावरत आत वळले. "अगं," त्यांनी आईला हाक मारली, "साखर काढ."