सांगलीपर्यंत ऐकू जावं म्हणून

हॉलंडमधल्या या अख्ख्या फेल्डहोवन गावात आमच्या भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांइतका काटेकोर माणूस सापडणार नाही, आणि इतका बेसूरही. चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करून करून केसाच्या हजाराव्या भागाचं मोजमाप त्यांच्या अंगात मुरलेलं. वरणात मीठसुद्धा वजनकाट्यावर तोलून घालायचे. कोविडच्या पहिल्या वसंतात माहेरी, सांगलीला, गेलेली त्यांची बायको विमानं बंद झाल्यामुळे तिकडेच अडकली, आणि या मोजूनमापून वागणाऱ्या गृहस्थांनी एक जुनी गिटार आणून बायकोवर गाणं रचलं. त्यात मात्र मापाचं नाव नव्हतं.

"बुलेटवरून आली, बांध फोडून गेली,
पाटलाच्या बैलाला डोळा मारून गेली!"

हे त्यांनी पुढच्या अंगणात पहिल्यांदा म्हटलं, नेमकी तेव्हाच सगळी गल्ली डॉक्टर-नर्सेससाठी टाळ्या वाजवायला दारात आली होती. टाळ्या आपल्यालाच, असं समजून त्यांनी वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी एक नवं कडवं. खरं काय ते सांगायचा मला काही धीर झाला नाही. समोरच्या डच आजींनी विचारलं, "काय गातो हा?" म्हटलं, बायकोसाठी प्रेमगीत. "इतक्या मोठ्यानं? तिला कमी ऐकू येतं का?" म्हटलं, ती भारतात आहे. आजींना ते पटलं.

चाळिसाव्या कडव्याच्या सुमारास कळलं, त्यांच्या बायकोला कोविड झालाय, ती ऑक्सिजनवर आहे. यांना जायला विमान नाही. त्या संध्याकाळी ते गिटार घेऊन नुसतेच उभे राहिले. "वहिनी, आज शब्दच फुटत नाहीयेत हो," कुंपणापलीकडून मला म्हणाले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडून धापा टाकत तिनं विचारलं, "आजचं... कडवं?" त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला तिनं थांबवलं. "बैल नाही... रेडा होता." म्हणजे गाण्यातलं सगळं खरंच घडलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

ती बरी होऊन परत आली, पण फुप्फुसं काही पूर्वीसारखी राहिली नाहीत. गाणं आता दोघं मिळून म्हणतात, अगदी हळू. जुन्या आरडाओरड्याची मला फार आठवण येते. पण दम लागून ती मध्येच थांबली की तेही थांबतात, आणि तिला श्वास आला की पुढची ओळ दोघं एकदम घेतात.