जीवराखी

तापीकाठच्या गावात धनुबाई सुईणीला लोक जीवराखी म्हणायचे. हे नाव तिला सरपंच चुनीलालनं दिलं होतं. कुणी पोट पाडायचं औषध मागितलं की ती एकच सांगायची, "मी जीव राखस, पाडस नही." चुनीलालला ते इतकं आवडलं की पाहुण्यांपुढेसुद्धा तो तिला त्याच नावानं हाक मारी. धनुबाईलाही बरं वाटे.

छपन्न साली तापीबाई तेच औषध मागायला आली. सहा लेकरांची आई, चेहरा हळदीसारखा पिवळा.

"धनुमाय, मन्हामा जोर नही. हाई सातवं माले लई जाई."

धनुबाईनं तिची समजूत घातली, मेथीचे लाडू दिले आणि परत पाठवली. चैत्रात तापीबाई बाळंत झाली. रक्त थांबेना. गाडी जुंपेपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगी मात्र जगली.

दहाव्याच्या दिवशी तापीबाईचा नवरा दोधू दारात उभा राहिला. ओरडला नाही. एवढंच विचारलं, "जीवराखी, तू कोना जीव राखा?"

त्या नावाचा असा अर्थ धनुबाईनं तोवर ऐकला नव्हता. बायका म्हणत, देवाची मर्जी. पण तापीबाईनं आपल्याला आधीच सांगितलं होतं, हे तिला विसरता येईना.

चौसष्ट साली रतिलालची बायको शांतीबाई आली. पाय सुजलेले, चार पावलांत धाप लागलेली. दिवस गेल्याचं सांगताना ती रडली. धनुबाईनं औषध दिलं नाही आणि तिला परतही पाठवलं नाही. लुगड्याचा पदर खोचला आणि तिला आणि रतिलालला घेऊन एस.टी.नं नंदुरबारचा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं.

"हिचं काळीज दुबळं आहे. मूल ठेवलं तर ही वाचणार नाही."

रतिलालनं धनुबाईकडे पाहिलं. धनुबाई म्हणाली, "बाई, हिले वाचाडा."

शांतीबाई आठ दिवसांनी घरी आली. गावात कुजबुज झाली. चुनीलालनं धनुबाईला पारावर गाठून विचारलं, "आता तुले काय म्हनवो?"

"धनु म्हन. मायबापनी तेच ठेयेल शे."

नंतर बाळंतपणाची बोलावणी कमी झाली. चार घरांनी तर दुसऱ्या गावची सुईण धरली. धनुबाईनं तक्रार केली नाही. बोलावलं तिथं गेली, एरवी मजुरीनं कापूस वेचला. शांतीबाईला फार वाकवत नसे. ती बांधावर बसून धनुबाईनं आणलेली बोंडं सोलायची आणि दोघी दिवसभर बोलत असायच्या.