बाबांची व्हॅन आणि जुने रस्ते

बाबा खमरियाच्या फॅक्टरीतून रिटायर झाले आणि काही वर्षांतच डायलिसिसवर आले. सेंटरची व्हॅन सकाळी घरोघरी फिरून पेशंट गोळा करायची. ती उशिरा पोचली की पुढच्या पाळीचे लोक दारात उभे, मग बाबांना ठरलेले चार तास व्हायच्या आधीच मशीनवरून उठवायचे. घरी आले की जिन्याच्या मध्येच धापा टाकत बसायचे.

माझं डोकंच फिरलं. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. सेंटरवाल्यांना म्हटलं, व्हॅनचा रस्ता मी आखून देते. प्रोग्राम लिहिला. वाटेल तसे ढीगभर रस्ते मांडायचे, वाईट फेकायचे, बऱ्यांची आपसात सरमिसळ करून नवी पिढी काढायची, आणि हेच पुन्हा पुन्हा. पेशंटची यादी बदलायची, म्हणून रोज सकाळी सगळं शून्यापासून. निघायची वेळ व्हायची तरी रस्ता ओमती मोहल्ल्यातून कांचघर मोहल्ल्यात आणि उलटा परत ओमतीत, असाच. ड्रायव्हरभैया कागद घेऊन निघायचा, बाबा कशाला सोडतील?

"काहून गं, आज थेट परगावी, कटनी दाखवून आणतेस का?"

मी धुसफुसत कॉलेजात गेले आणि परीक्षेचा पेपर काढायला बसले. सवयीनं जुने पेपर समोर घेतले आणि कपाळावर हात मारला. इथे कधी कोऱ्या कागदापासून सुरुवात करत नाही, मग तिथे कशाला?

मागच्या दिवसांचे त्यातल्या त्यात चांगले रस्ते सगळे भरले प्रोग्राममध्ये. पण ते एकमेकांसारखेच निघाले, सरमिसळ करून नवीन काही जन्मेचना. नव्या पेशंटला नुसतं शेवटी लटकवून ठेवलं. म्हणून मग आजच्याशी जुळणाऱ्या यादीचे मोजकेच जुने रस्ते घेतले, गैरहजर माणसं वगळली, नवी घातली, आणि बाकीचे सगळे ताजे, वाटेल तसे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा उकळेपर्यंत रस्ता तयार. असा नेटका की मीच दोनदा तपासला.

व्हॅन वेळेच्या आधी पोचली. सेंटरच्या सिस्टरनं फोनवर सांगितलं, "दीदी, आज पूरे चार घंटे हुए."

दुपारी व्हॅन दारात थांबली. बाबा उतरले, माझा हात बाजूला केला आणि जिना चढू लागले. मध्ये कुठेच बसले नाहीत. वरून आवाज आला, "चलो, जेवायला वाढ. भूक लागून राहिली."

जिंकले होते मी. खाली भैयासमोर उभी राहून ढसाढसा रडले, आणि मला जराही लाज वाटली नाही.