पन्नासच्या आत नमस्कार

शाळेची बस येऊन गेली तरी सुलभाकाकूंची खुर्ची बाहेर आली नाही, तेव्हाच डगला शंका आली. मी कनाटाला, शहराच्या उपनगरात, ऑफिसात मीटिंगमध्ये होते. डग म्हणजे आमचा शेजारी, जन्मभर बर्फ काढायचा प्लाउ चालवून निवृत्त झालेला. त्याचा फोन सहसा येत नाही. आलाच तर तुमच्या झाडाची पानं माझ्या अंगणात उडतायत, असल्या तक्रारीचा. म्हणून पहिल्यांदा मी उचललाच नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा बाहेर जाऊन उचलला. डग म्हणाला की त्याच्याकडच्या किल्लीने काकूंचं दार उघडलं, ती पलंगावर आहे, झोपेतच गेली असावी... मग त्याने विचारलं, की आज खुर्ची बाहेर ठेवू का नको? मला रडू फुटलं ते त्या प्रश्नाने.

त्याला आता दोन महिने होतील. काकू सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न करून इथे आल्या. जवळच्या शहरातल्या इस्पितळात भूलतज्ज्ञ होत्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा सस्काटूनला. तो दर ख्रिसमसला 'आई, आता इकडे ये' म्हणायचा आणि काकू दर ख्रिसमसला 'बघू' म्हणायच्या. आम्ही नागपूरहून आधी वॉटर्लूला आणि तिथून या खेड्यात आलो, कारण कनाटात घर घ्यायची आमची ऐपत नव्हती. सामान अजून गाडीतच होतं तेव्हा समोरच्या घरातून एक पांढऱ्या केसांच्या बाई रस्ता ओलांडून आल्या, आमच्या गाडीभोवती एक चक्कर मारली आणि शुद्ध गिरगावी मराठीत म्हणाल्या, "विंटर टायर्स कुठेत?" नाव, गाव, काही नाही. बर्फावर न घसरणारे ते टायर्स बसेपर्यंत त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं नाही. बसले त्या संध्याकाळी मात्र बिरड्याची उसळ आणि तांदळाची भाकरी केली होती.

गाव म्हणजे काय, तर एक रस्ता. त्याच्या या बाजूला आम्ही आणि डग, त्या बाजूला काकू, काकूंच्या शेजारी पोस्ट ऑफिस. हायवे गावात शिरला की वेगाची मर्यादा ऐंशीवरून पन्नासवर येते. पाटी मर्यादेची आणि गाड्या मर्जीच्या, असा कारभार होता. सकाळी ऑफिस गाठणारे आणि दिवसभर खाणीवरचे खडीचे ट्रक. ट्रक गेला की आमच्या देवघरातली घंटा आपोआप वाजायची. सुरुवातीला आम्हाला त्याची गंमत वाटली होती.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले आणि गंमत संपली. बाबांना गाडी चालवता येत नाही, एका कानाने ऐकू कमी येतं, आणि घरात दोन तासांवर बसवत नाही. त्यांनी पोस्ट ऑफिस शोधून काढलं. टपाल काय, बिलं आणि जाहिराती. पण तिथल्या खिडकीशी उभं राहून ते आपल्या नागपुरी इंग्रजीत हवापाण्याच्या गप्पा मारत आणि परतताना काकूंकडे चहा घेत. दिवसाचा तेवढा तुकडा त्यांचा स्वतःचा होता. त्या फेब्रुवारीत रस्ता ओलांडताना एक ट्रक इतक्या जोरात आला की बाबा मागे सरकले आणि बर्फाच्या ढिगात आडवे झाले. लागलं काही नाही. ट्रक थांबलाही नाही. मी ऑफिसातून धावत आले आणि फर्मान काढलं, की आजपासून एकट्याने बाहेर जायचं नाही.

बाबा भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. ते बेसमेंटमध्ये टीव्हीसमोर बसू लागले, एका पोळीवरच ताट बाजूला सारू लागले. आठवड्याभरात काकू आल्या. त्यांनी बूटही काढले नाहीत, दारातच उभं राहून मला म्हणाल्या, "अगं, चोर सोडून संन्याशाला फाशी? स्पीडिंग करतोय तो ट्रक, आणि ग्राउंड कोणाला केलंस? बाबांना?"

मी म्हटलं, काकू, रस्त्याला कोण शहाणं करणार.

"बघते," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

पोलिसांची एक योजना होती. गावकऱ्यांनी रडार घेऊन रस्त्याकडेला बसायचं, वेग आणि गाडीचा नंबर टिपायचा, पुढचं पोलीस बघणार. काकूंनी डगला पकडलं, बाबांना पकडलं, पिवळी चमकणारी जाकिटं आणवली, आणि एप्रिलमध्ये त्यांच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी, मेपलच्या झाडाखाली ठाण मांडलं. बाबांना तिथवर पोचवायला रोज काकू स्वतः रस्ता ओलांडून यायच्या. रडार बाबांच्या हातात. पण आकडा दिसला की बाबांच्या तोंडून तो मराठीतच निघे. 'त्रेसष्ट!' काकू इंग्रजी करत, डग लिहून घेई. पहिल्या दिवशी या भानगडीत पाच-सहा गाड्या निसटल्याच. डग वैतागून म्हणाला की यापेक्षा मीच शिकतो. आता आपली मुलं जिथे एकोणसाठ आणि एकोणसत्तरमध्ये गोंधळतात, तिथे हा सहा फुटी गोरा माणूस मेपलखाली बसून उजळणी पाठ करत होता. 'पन्नासच्या आत' हे दोन शब्द तर त्याने इतके घोटले की बायकोने भाजीत मीठ बेताचं घातलं तरी तो 'पन्नासच्या आत' म्हणून दाद देऊ लागला.

योजनेचे नियम कडक होते. ओरडायचं नाही, गाडी अडवायची नाही, हातवारे करायचे नाहीत. डगला पहिल्याच आठवड्यात मूठ दाखवल्याबद्दल तंबी मिळाली. काकूंनी मात्र तंबी द्यायला आलेल्या पोलीस बाईंना विचारलं, की बेशिस्त माणसाला काही म्हणायचं नाही हे कबूल, पण जो नीट चालवतो त्याचे आभार मानायचे की नाही? त्या बाईंनी नियम आठवून पाहिले. याबद्दल त्यात काही नव्हतं. झालं. दुसऱ्या दिवसापासून जी गाडी पन्नासच्या आत जाईल तिला काकू खुर्चीतून उठून, दोन्ही हात जोडून, नीट मान लववून नमस्कार करू लागल्या. त्यांचे गुडघे काही चांगले नव्हते. मी म्हटलं, बसूनच करा की. तर म्हणाल्या, "बसून केलेला नमस्कार आशीर्वाद वाटतो गं. आपण थँक्यू म्हणतोय." आणि वर डोळे मिचकावून, "जन्मभर लोकांना झोपवलं, आता जागं करते."

आश्चर्य म्हणजे गाड्या खरंच हळू जाऊ लागल्या. नमस्काराच्या अलीकडेच ब्रेकचे दिवे लागायचे. काही जण खिडकी खाली करत, कुणी टोपी काढत. आम्ही म्हटलं, काय हा संस्कृतीचा प्रभाव! मी तर मराठी मंडळात याचं रसभरित वर्णनही करून आले. खरी गोष्ट कळली ती ऑगस्टमध्ये. एक खडीचा ट्रक गावात शिरतानाच मंदावला आणि झाडापुढे थांबला. दाढीवाला, दांडगा ड्रायव्हर खाली उतरला. मला वाटलं, आता भांडण. मी आमच्या पायरीवरून धावत रस्ता ओलांडला. तो टोपी हातात घेऊन काकूंसमोर उभा होता आणि खाली बघत म्हणत होता, "आय ॲम सॉरी फॉर युअर लॉस, मॅम."

काकूंना काही कळेना. त्यांनी विचारलं, कसला लॉस? तेव्हा उलगडा झाला. खाणीवर, पेट्रोल पंपावर, पार पुढच्या गावापर्यंत बोलवा होती, की या म्हाताऱ्या बाईंचं कुणीतरी या रस्त्यावर गाडीखाली गेलं आणि त्या रोज त्या जागी उभ्या राहून प्रार्थना करतात. जोडलेल्या हातांचा इथल्या लोकांना ठाऊक असलेला अर्थ तेवढाच. त्या बिचाऱ्याच्या मनात असंही होतं, की फेब्रुवारीत आपल्याच ट्रकपुढून एक म्हातारा बर्फात पडला होता, तोच तर गेला नसेल? तो महिनोन्महिने मनात तेच घेऊन या रस्त्याने जात होता.

डगने मला कोपर मारलं. गैरसमज राहू द्यावा असं त्याचं मत, आणि खरं सांगते, माझंही. गाड्या हळू जातायत ना, मग आपलं काय बिघडतंय? पण काकूंनी मागे वळून खुर्चीतल्या बाबांना हाताला धरून उठवलं, त्या ड्रायव्हरसमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "हे बघा, हेच ते. इथे अजून कोणीही गेलेलं नाही. त्याबद्दलच तर तुमचे आभार मानते."

तो माणूस बाबांकडे बघत राहिला. मग त्याने बाबांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. बाबांना त्याचं इंग्रजी कळलं नाही, पण डोळे पुसायला त्यांना ते कळावं लागलं नाही. माझ्या मनात तेव्हा जे आलं ते काकूंना कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून इथे लिहिते. माझ्या बापाला मी जिवंत ठेवण्यासाठी घरात बसवलं होतं. काकूंनी त्यांना जिवंत ठेवून बाहेर बसवलं. हे उपकार कुठल्या नमस्काराने फिटायचे?

खरं कळल्यावर गाड्या पुन्हा सुसाट सुटतील ही आमची भीती फुकट गेली. खाणीवर काय बोलणं झालं कोण जाणे, ट्रक उलट जास्तच जपून जाऊ लागले. पुढच्या वर्षी टाउनशिपने, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीने, गावाच्या दोन्ही टोकांना वेग दाखवणाऱ्या पाट्या लावल्या. आता तुमची काय गरज, असं मुलाने सस्काटूनहून विचारलं, तर काकू म्हणाल्या, पाटी आकडा दाखवते, पण थँक्यू कोण म्हणणार? आणि बाबांनी त्याच सुमारास मला न विचारता एकट्याने रस्ता ओलांडायला सुरुवात केली. मीही विचारलं नाही.

काकूंच्या अंत्यदर्शनाला तो ड्रायव्हर इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. हात जोडताना त्याचे अंगठे जरा वेडेवाकडे झाले, पण मान बरोबर लवली. घर आता विकायला निघालंय. मुलाने सामान आवरलं, पण खुर्चीला हात लावला नाही. डग ती रोज दुपारी बाहेर काढतो, संध्याकाळी आत नेतो. पहिले काही दिवस ती रिकामीच असायची. मग एक दिवस बाबांनी पिवळं जाकीट चढवलं.

काल मी घरून काम करत होते. खिडकीतून बघते तर बाबा रस्ता ओलांडायला निघालेले, डोक्याला मफलर गुंडाळलेला. दुरून खडीचा ट्रक येत होता. मी खुर्चीतून अर्धी उठले. ट्रक मंदावला, थांबला. बाबा रस्त्याच्या बरोबर मध्यावर पोचले आणि तिथेच उभे राहिले. ट्रककडे वळले, हातमोजे काढून खिशात ठेवले, आणि दोन्ही हात जोडून सावकाश मान लववली. मी खिडकी उघडून ओरडणार होते, की बाबा, आधी पलीकडे जा, नमस्कार मग करा... ओरडले नाही. ट्रकवाल्याला काही घाई नव्हती.